मेंदी आणि सरळ केलेले केस

भोपाळच्या शाहपुरा भागात, तलावापासून जवळच, माझी आत्या राहते. उन्हाळ्याच्या सुटीत तिच्याकडे गेले, तेव्हा घरात दोन तट पडलेले दिसले. माझ्या आतेबहिणीने वर्षापूर्वी आपले कुरळे केस पार्लरमध्ये ‘रिबाँडिंग’ करून सरळ करून घेतले होते. आता कानांजवळ पांढरे केस डोकावू लागले होते आणि भावाचे लग्न महिन्यावर आले होते. आत्या म्हणे, “लोखंडी कढईत मेंदी भिजव आणि लाव, माझ्या आईने जन्मभर तेच केले.” पार्लरमधल्या बाईंनी मात्र बजावले होते, “मेंदी लावलीत तर पुढच्या वेळी केस सरळ करून देणार नाही.” दोघींमध्ये सापडलेल्या बहिणीने माझ्याकडे पाहिले, कारण मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी! मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली. विचार करता असे दिसले, की दोघींचेही थोडे थोडे बरोबर आहे. ते कसे, हे सांगण्यासाठीच हा लेख.

प्रथम केसाकडे वळू. आपला केस केराटीन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या लांबच लांब साखळ्या गंधकाच्या दुव्यांनी एकमेकींना जखडलेल्या असतात. शिडीच्या दोन बाजूंना जशा पायऱ्या, तसे हे दुवे. केस कुरळा राहतो तो मुख्यतः यांच्यामुळेच. केसाच्या बाहेर कौलांसारखे एकावर एक रचलेले पातळ खवले असतात. ते आतल्या भागाचे रक्षण करतात.

रिबाँडिंगमध्ये प्रथम थायोग्लायकोलेट जातीचे रसायन लावून यांतील बरेचसे दुवे तोडतात. मग गरम पट्ट्यांमध्ये दाबून केस सरळ करतात आणि शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड लावून तुटलेले दुवे त्या नव्या स्थितीत पुन्हा जोडतात. मात्र सगळेच दुवे पूर्ववत जुळत नाहीत. खवलेही थोडे उचकटतात. म्हणजे असा केस वरून गुळगुळीत दिसला, तरी तो उसवून पुन्हा शिवलेल्या कापडासारखा असतो. मुळाशी महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर नवा केस येतो, तो मात्र पूर्वीसारखाच कुरळा. म्हणून हा खटाटोप काही महिन्यांनी पुन्हा करावा लागतो. आपल्या प्रश्नाची खरी मेख येथेच आहे.

आता मेंदी पाहू. आपल्या कन्नड विभागातील मैत्रिणी हिला मदरंगी म्हणतात. हिच्या पानांत लॉसोन नावाचे नारिंगी-तांबूस रंगद्रव्य असते. पूड कोमट, किंचित आंबट पाण्यात भिजवली की ते मोकळे होते आणि केराटीनशी थेट जोडले जाते. त्यासाठी पेरॉक्साइड लागत नाही, की गंधकाचे दुवे तोडावे लागत नाहीत. म्हणून शुद्ध मेंदीने सरळ केलेले केस पुन्हा कुरळे होतील, ही भीती बाळगण्याचे कारण नाही. एवढ्यापुरते आत्याचे म्हणणे खरे. फरक पडतो तो रंगात. खवले उचकटलेले असल्याने असा केस रंग लवकर आणि जास्त पितो. टोके मुळांपेक्षा गडद होतात. धुतल्यावर पहिल्या दिवशी दिसणारा भडक नारिंगी रंग पुढल्या दोन दिवसांत हवेने गडद होत जातो, हेही ध्यानात ठेवावे.

मग पार्लरमधल्या बाई नाही का म्हणतात? त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे, की मेंदी बसलेल्या केसात सरळ करण्याचे रसायन सारखे मुरत नाही. एक बट सरळ होते, दुसरी अर्धवट राहते. मेंदीचा रंग सहजासहजी निघतही नाही. केस वाढून कापले जाईपर्यंत तो राहतो. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. मेंदी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुडींत धातूंचे क्षार मिसळलेले असतात. त्यांच्याशी पेरॉक्साइडची गाठ पडली, की ते झपाट्याने विघटित होते, उष्णता निर्माण होते आणि केस तुटू शकतो. लोखंडही याच जातीचे! कढईत भिजवलेल्या आंबट मेंदीत लोखंड उतरते, म्हणून तर ती काळपट होते. आजीच्या केसांना पेरॉक्साइड कधी ठाऊकच नव्हते, त्यामुळे तिची कढई निर्धोक होती. नातीची गोष्ट निराळी.

‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांविषयीही सांगितले पाहिजे. मेंदीचा स्वतःचा रंग काळा नसतो. अशा पुडीत पुष्कळदा पॅरा-फिनिलीन-डायअमीन हे रसायन असते आणि काही जणांना त्याने खाज, सूज, फोड असा तीव्र त्रास होतो. वेष्टनावरील घटक वाचावेत आणि कोणतीही नवी पूड आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास वाट पाहावी.

धातू आहे की नाही, हे पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. ती आम्ही करून पाहिली. बहिणीच्या फणीत निघालेल्या केसांच्या तीन जुड्या बांधल्या. एक तशीच ठेवली, एक काचेच्या वाडग्यातील मेंदीत रंगवली आणि एक कढईतल्या. धुऊन वाळवल्यावर तिन्ही जुड्या वेगवेगळ्या काचेच्या भांड्यांत, ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे वीस भाग आणि अमोनियाचा एक भाग अशा मिश्रणात अर्धा तास बुडवल्या. भांडे झाकायचे नाही, खिडकी उघडी ठेवायची आणि हातमोजे घालायचे. पहिल्या दोन जुड्या सारख्याच शांत होत्या. कढईच्या जुडीवर मात्र बारीक बुडबुड्यांची रांग उठली. आत्या चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “बरं बाई, वाडगा घ्या.”

अशा केसांना मेंदी लावायची असल्यास एवढे पाळावे. रिबाँडिंगनंतर निदान दोन आठवडे जाऊ द्यावेत. पुडीत मेंदीच्या पानांखेरीज काही नसावे. ती काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात भिजवावी. लिंबू बेताचेच घालावे, कारण जास्त आंबटाने केस कोरडे पडतात. लावताना केस पिळून अंबाडा घालू नये, सरळ सोडावेत. प्रथम एका बटेवर तासभर लावून दोन दिवसांनी रंग पाहावा, मगच सगळ्या डोक्याला लावावी.

बहिणीने वाडग्यातली मेंदी लावली, पण केवळ कानांजवळच्या केसांना. लग्नानंतर पार्लरमध्ये गेली, तेव्हा कोठे, कोणती आणि केव्हा लावली हे तिने आपण होऊन सांगितले. बाईंनी तेवढा भाग वगळून बाकीचे केस सरळ करून दिले. कानांजवळच्या दोन बटा आता कुरळ्या वाढताहेत, आणि त्या तिला शोभतात, असे आत्याचे मत आहे. मैत्रिणींनो, मेंदी लपवून खुर्चीत बसू नका. इतकेच सांगून हा लेख पुरा करते.