औषधाबद्दल इशारा आला? फेकण्याआधी बॅच नंबर पाहा

‘अमुक गोळी सरकारने बंद केली, घरात असेल तर लगेच फेकून द्या.’ असा मेसेज गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला की दोन-तीन दिवसांत भोर आणि वेल्ह्याच्या (आता राजगड तालुका) दवाखान्यांत त्याची विचारणा सुरू होते. विचारायला येणाऱ्यांची फारशी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती न विचारता गोळी बंद करणाऱ्यांची. रक्तदाबाची किंवा फिटची गोळी अशी अचानक थांबवली, तर मेसेजमधल्या धोक्यापेक्षा मोठा धोका घरातच तयार होतो. दुसरीकडे, एखादा इशारा खरोखरच तासाभरात अमलात आणण्यासारखा असतो आणि तोच नेमका दुर्लक्षित राहतो. हा फरक ओळखणे अवघड नाही.

इशारा औषधाचा की बॅचचा?

केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला देशभरातून घेतलेल्या नमुन्यांपैकी नापास झालेल्यांची यादी जाहीर करते. सप्टेंबर २०२४ मध्ये अशाच यादीवरून मोठी खळबळ झाली, कारण त्यात पॅरासिटामॉल, रक्तदाबासाठीची टेलमिसार्टन आणि मधुमेहाची ग्लिमेपिराइड ही रोजच्या वापरातली नावे होती. बातम्यांचा सूर ‘पॅरासिटामॉल नापास’ असा होता. प्रत्यक्षात नापास झाला होता एका कंपनीच्या एका बॅचचा नमुना.

बॅच म्हणजे कारखान्यात एका वेळी तयार झालेला घाणा. तेच औषध दुसऱ्या कंपनीचे असेल, किंवा त्याच कंपनीचे पण दुसऱ्या घाण्यातले असेल, तर तो इशारा तुमच्या पाकिटाला लागू होत नाही. नापास होण्याची कारणेही सारखी नसतात. कधी गोळी ठरलेल्या वेळेत विरघळत नाही, कधी औषधाचे प्रमाण थोडे कमी भरते, कधी मालच बनावट निघतो, आणि क्वचित त्यात विष असते. यादीत सगळे एकाखाली एक छापलेले असते, त्यामुळे वाचणाऱ्याला सगळेच सारखे भयंकर वाटते.

म्हणून रोजच्या गोळ्यांबद्दल काही ऐकले तर पाकीट घेऊन औषध दुकानात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात या. बॅच जुळलीच, तर तेच औषध दुसऱ्या बॅचचे घेता येते. डोस चुकवायची गरज नसते.

जेव्हा खरोखर घाई करायची असते

ऑक्टोबर २०२५ मध्ये असा प्रसंग आला. शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, खोकल्याचे औषध घेतलेल्या लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. ‘कोल्ड्रिफ’ नावाच्या त्या सिरपची एसआर-१३ ही बॅच तमिळनाडूत तपासली गेली आणि त्यात डायएथिलीन ग्लायकोल हे औद्योगिक रसायन ४८.६ टक्के निघाले. त्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने ही बॅच विकू नये आणि वापरू नये असे जाहीर केले.

हे रसायन आपल्या राज्याला नवीन नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण मूत्रपिंडे बंद पडून दगावले. ग्लिसरीनमध्ये हेच मिसळलेले होते, आणि त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली. चवीला गोड आणि दिसायला ग्लिसरीनसारखे असल्याने जिभेला ते कळत नाही. घरात वास घेऊन किंवा चाखून औषध तपासण्याचा प्रयत्न करू नका.

सिरप घेतल्यावर मुलाला उलट्या होत असतील, पोटात दुखत असेल, ते मलूल पडले असेल, तर सर्वांत आधी एक गोष्ट बघा: लघवी होते आहे का? सहा ते आठ तासांत लघवी झाली नसेल तर सकाळची एसटी धरू म्हणून थांबू नका. भुतोंडे, हिर्डोशी किंवा केळदसारख्या गावांतून पावसाळ्याच्या रात्री निघणे सोपे नसते, हे मान्य. तरीही १०८ ला फोन करा, आणि निघताना औषधाची बाटली सोबत घ्या. बाटली पाहिली की पुढच्या डॉक्टरांचा निम्मा शोध वाचतो.

मुळात दोन वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याचे औषध देऊच नये आणि पाच वर्षांपर्यंतही ते साधारणपणे टाळावे, असे केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्याच महिन्यात पुन्हा सांगितले. भातलावणीच्या दिवसांत घरातली सगळी माणसे खाचरात असतात. अशा वेळी मोठ्या भावाच्या उरलेल्या बाटलीतले चमचाभर धाकट्याला पाजले जाते. ते टाळा. कोमट पाणी, अंगावरचे दूध, आणि वर्षावरील मुलाला थोडा मध एवढ्यावर बहुतेक साधा खोकला आपोआप जातो. धाप लागत असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा मूल पीत नसेल, तर मात्र लगेच दाखवा.

बॅच नंबर सापडतो कुठे?

बाटलीच्या लेबलवर, ट्यूबच्या मुडपलेल्या टोकावर, आणि गोळ्यांच्या पाकिटाच्या बहुधा एकाच कडेला. अडचण तिथेच आहे. पाकिटातल्या चारच गोळ्या कापून घेतल्या, तर नंबर दुकानातच राहतो. कापण्याआधी मोबाइलवर फोटो काढा किंवा बिल मागा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या औषधांच्या बिलावर बॅच नंबर आणि मुदत लिहिलेली असायला हवी. बऱ्याच नामांकित औषधांवर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो स्कॅन केला की औषधाचे नाव, कंपनी, बॅच आणि मुदत दिसते.

आपल्याकडे आणखी दोन सवयी आड येतात. पुण्या-मुंबईला नोकरी करणारा मुलगा आईवडिलांची दोन-तीन महिन्यांची औषधे एकदम आणतो आणि बिल त्याच्याच खिशात राहते. त्याला बिलाचा फोटो पाठवायला सांगा. दुसरी सवय दवाखान्यातून मिळणाऱ्या कागदी पुडीची. तिच्यावर ना नाव, ना नंबर. डॉक्टरांना औषधाचे नाव लिहून मागायला संकोच वाटू देऊ नका. तो तुमचा हक्क आहे, आणि आम्हा डॉक्टरांना त्यात राग यावा असे काही नाही.

बॅच जुळली तर बाटली मोरीत ओतू नका, उकिरड्यावरही टाकू नका. ती पुरावा आहे. ‘देऊ नये’ अशी चिठ्ठी चिकटवून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा आणि दुकानात परत करा, किंवा अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या निःशुल्क क्रमांकावर कळवा.

औषध चांगले, तरी इशारा

काही इशाऱ्यांत औषधात काहीच खोट नसते. नोव्हेंबर २०२३ मध्ये मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल तसा इशारा आला. पाळीच्या दुखण्यासाठी घराघरांत घेतली जाणारी ही गोळी. ती घेतल्यावर क्वचित एखाद्याला अंगभर पुरळ, ताप आणि गाठी सुजणे असा गंभीर त्रास होऊ शकतो, आणि तो गोळी घेतल्यानंतर दोन ते आठ आठवड्यांनीही दिसतो, म्हणून डॉक्टरांनी लक्ष ठेवावे, एवढाच त्याचा अर्थ होता. गोळीवर बंदी नव्हती. मात्र तापाबरोबर पुरळ उठले तर गेल्या दोन महिन्यांत घेतलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगा, दुकानातून परस्पर आणलेलीसुद्धा.

शरीरात बसवलेली आणि घरात वापरायची उपकरणे

खुब्याचा सांधा, स्टेंट, पेसमेकर यांच्याबद्दलही इशारे येतात. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीने एएसआर हा खुब्याचा कृत्रिम सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून मागे घेतला. भारतात त्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. पुढे त्यांतल्या बहुतेक रुग्णांचा पत्ताच लागला नाही. कोणाच्या शरीरात कोणता सांधा आहे, याचा कागद ना रुग्णाकडे होता ना कुठे नीट नोंदलेला. शस्त्रक्रियेनंतर मिळणारे कार्ड किंवा नंबर असलेला स्टिकर सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. तेवढी एक पिशवी आपल्या घरांत कधी हरवत नाही.

साखर मोजायच्या पट्ट्यांचे दुखणे वेगळे. तोरण्याच्या पायथ्याच्या पावसात डबीचे झाकण उघडे राहिले की पट्ट्यांना ओल लागते आणि आकडा चुकतो. त्या आकड्यावर इन्सुलिन कमी-जास्त केले तर प्रसंग ओढवतो. वर्षातून एकदा तरी तुमचे साखरेचे आणि रक्तदाबाचे यंत्र दवाखान्यात आणून शेजारी शेजारी ताडून पाहा.

त्रास झाला तर कोणाला सांगायचे?

वर सांगितलेले इशारे डॉक्टरांकडे येतात ते कोणीतरी आधी कळवलेले असते म्हणून. भारताचा औषध-दक्षता कार्यक्रम २०१० पासून सुरू आहे, तर उपकरणांसाठीचा २०१५ पासून. दोन्हींचे काम गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगातून चालते. रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः कळवू शकतात, आणि त्यासाठीचा अर्ज मराठीतही आहे. औषधामुळेच त्रास झाला हे तुम्ही सिद्ध करायचे नसते, शंका पुरेशी असते. औषधाचे नाव, बॅच, कधी सुरू केले आणि काय झाले एवढे हाताशी ठेवा. निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी सकाळी ९ ते संध्याकाळी ५:३०. घरात रेंज नसेल तर आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरना सांगा, त्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवतील.