टांगा हाकणारा नवशिका होता



१९२९ साली दौऱ्यावरून परतताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले. वस्तीतल्या लोकांनी एक रात्र राहण्याचा आग्रह धरला होता. पण अस्पृश्याला न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, पण हाकायला माणूस तुमचाच आणा, या अटीवर. साहेबांना पायी नेणे लोकांना बरे वाटेना. म्हणून ज्याला टांगा हाकण्याचा सरावच नव्हता, तो लगाम धरून बसला. आधी एका मोटारीला धडकता धडकता वाचले. मग नदीवरच्या मोरीशी चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. घोडा, टांगा नदीत गेला. हे त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे.

ही गोष्ट आपण जातीची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण मी परिचारिका. मला त्यातला हाकणारा दिसतो. पाहुण्याच्या मानापेक्षा त्याचा जीव मोठा, हे लोक विसरले, असे बाबासाहेबांनीही नोंदवले आहे. विसरले ते प्रेमापोटीच.

आपणही प्रेमापोटीच विसरतो. पोरगा दहावी झाला की गाडीची चावी त्याच्या हातात. कायदा काय म्हणतो ते ऐका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन नाही. रोजमजुरीच्या घरात २५ हजार म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

आपल्या जिल्ह्यातून ५३ नंबरचा महामार्ग जातो. भंडारा, लाखनी, साकोली, सगळीकडे गावचा रस्ता थेट त्यालाच येऊन मिळतो. ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. मोबाइल बघायला सेकंद-दोन सेकंद पुरतात. रोवणीच्या दिवसांत बाया ट्रॉलीत दाटीवाटीने उभ्या असतात. धानाचा ट्रॅक्टर रात्री मागे लाल दिवा नसताना चालतो. मागच्या दुचाकीवाल्याला तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. ट्रॉलीला निदान चमकणारी पट्टी लावा. ती काही फार महाग नाही.

अपघात विभागात रात्रपाळी केली तेव्हा कित्येकांचे नातेवाईक सांगायचे, "सिस्टर, हेल्मेट होते ना, आरशाला अडकवले होते." हेल्मेटने डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्के आणि मृत्यूचा ४२ टक्के कमी होतो, असे अनेक अभ्यास एकत्र तपासून दिसले आहे. पण आयएसआय खूण हवी आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेला हवा. मागे बसणाऱ्या बाईलाही हेल्मेट हवे. साडीचा पदर चाकात जाणार नाही असा खोचा.

आता शिकण्याबद्दल. एजंट "घरी बसून लायसन देतो" म्हणतो, आणि आपण पैसे मोजतो. शिकाऊ लायसनची परीक्षा आधार वापरून घरूनही देता येते. ती पोराने स्वतः द्यावी, दुसऱ्याने नाही. पक्क्या लायसनसाठी त्यानंतर किमान ३० दिवस जावे लागतात. ते दिवस शिकण्यासाठी आहेत, वाट पाहण्यासाठी नाहीत. वळण कसे घ्यावे, ट्रकच्या बाजूने कधी जाऊ नये, पावसात ब्रेक हळूहळू कसा दाबावा, हे मित्राच्या मागे बसून येत नाही. मुलींनाही शिकवा. आमच्या दोन आशाताई स्कुटी शिकल्या, तेव्हापासून बाळंतिणीकडे वेळेवर पोचतात.

दारूबद्दल वेगळे काय लिहू? पाचवे शील रोज म्हणतो. त्यातला 'पमाद' म्हणजे बेसावधपणा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य सापडले की गुन्हा, पहिल्याच वेळी १० हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही.

आणि अपघात दिसला तर थांबा. १०८ ला फोन करा. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. जखमीला पाणी पाजू नका. मानेला मार असेल तर ओढाताण करू नका. आग किंवा रहदारीचा धोका नसेल तर जागेवरच राहू द्या. पोलीस मागे लागतील म्हणून भिऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण आहे; तुमचे नाव-पत्ता देण्याची सक्ती कोणी करू शकत नाही.