डोंगरापलीकडचं बर्मिंगहॅम

इंदूर-ग्वाल्हेरहून अमेरिकेला येणाऱ्या आपल्या मुलांच्या यादीत न्यूयॉर्क असतं, नायगरा असतो, फार तर अटलांटा. अलाबामातलं बर्मिंगहॅम त्यात नसतं. ज्यांची ताई किंवा मामा इथे डॉक्टर नाहीतर संशोधक आहे तेच इथे येतात, कारण यूएबी हे विद्यापीठ आणि त्याचं अवाढव्य रुग्णालय म्हणजे इथली सगळ्यात जास्त नोकऱ्या देणारी संस्था. मी इथे चौदा वर्षं राहतेय. ओळखीपाळखीच्यांच्या पाहुण्यांना गाव दाखवायचं काम आता जवळजवळ माझ्याकडेच आलंय, म्हणून सांगते.

तुम्ही उतराल ते बहुधा हूव्हर किंवा व्हेस्टेव्हिया हिल्समध्ये. ही दक्षिणेकडची उपनगरं. मूळ शहर आणि ही उपनगरं यांच्यामध्ये रेड माउंटन नावाचा डोंगर आहे, म्हणून इथले लोक उपनगरांना ‘ओव्हर द माउंटन’ म्हणतात. यजमान तुम्हाला मॉल दाखवतील, पेल्हॅमच्या देवळात नेतील, ओक माउंटनच्या तळ्यावर डबा खायला नेतील. सगळं छानच आहे. पण डाउनटाउनचं नाव काढलंत की कुणीतरी हमखास म्हणेल, “तिकडे काय आहे? तो एरिया बरा नाही.” ऐकून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडेच चला.

वाटेत डोंगरावर व्हल्कन उभा आहे. लोहारकामाच्या या रोमन देवाचा ५६ फूट उंच पुतळा जगातला सर्वात मोठा ओतीव लोखंडाचा पुतळा मानला जातो. ज्युझेप्पे मोरेत्ती या शिल्पकाराने तो १९०४ च्या सेंट लुईसच्या जत्रेसाठी घडवला. देवाने पुढून एप्रन बांधलाय, मागून काहीच नाही. आणि त्याची पाठ नेमकी उपनगरांकडे आहे. लहान मुलं इथे खदखदून हसतात. वर गेलात की खाली शहर दिसतं. लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या जवळ सापडल्या, दोन रेल्वेमार्ग एकत्र आले, आणि १८७१ मध्ये हे गाव वसवलं गेलं. आपलं होळकरांचं इंदूर याच्यापुढे आजोबा शोभेल.

ते लोखंड जिथे वितळायचं ती स्लॉस फर्नेसेस ही भट्टी १८८२ ला सुरू झाली, १९७१ ला बंद पडली. आता ते संग्रहालय आहे. गंजलेल्या नळ्या, राक्षसी भात्यांची यंत्रं, वर चढत जाणाऱ्या धुराड्या. फोटोंसाठी मुलांना हे फार आवडतं. पण इथली सगळ्यात कष्टाची, अंग भाजणारी कामं काळ्या कामगारांकडे असायची, हे लक्षात ठेवून फिरा. अलाबामाच्या खाणींमध्ये तर कैदी भाड्याने दिले जात, आणि त्यांतले बहुतेक काळेच असत. हा प्रकार १९२८ पर्यंत चालला.

आता मुख्य ठिकाण. केली इनग्रॅम पार्क हा जेमतेम एका चौकाएवढा बाग आहे. १९६३ च्या मे महिन्यात समोरच्या सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमधून शाळकरी मुलं रांगेने बाहेर पडली. मोठ्या माणसांनी मोर्चा काढला की नोकरी जायची, घर जायचं. म्हणून मुलं पुढे आली. हजाराहून जास्त मुलांनी शाळा सोडून मोर्चात भाग घेतला. काही तर प्राथमिक शाळेतली होती. पोलीस आणि अग्निशमन दलाचा प्रमुख होता बुल कॉनर. त्याने मुलांवर बंबाच्या पाण्याचा मारा करवला आणि पोलिसी कुत्री सोडली. बागेतल्या एका पायवाटेवर दोन्ही बाजूंनी अंगावर झेपावणारी धातूची कुत्री आहेत, आणि मधूनच चालत जावं लागतं. सोबतच्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना तिथे फारसं काही समजावून सांगावं लागत नाही.

चर्चमध्ये १५ सप्टेंबर १९६३ च्या रविवारी सकाळी बॉम्ब फुटला. अ‍ॅडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली आणि कॅरोल रॉबर्टसन या १४ वर्षांच्या तिघी आणि ११ वर्षांची डेनिस मॅकनेअर अशा चार मुली गेल्या. पहिला गुन्हेगार दोषी ठरायला १९७७ उजाडलं, उरलेल्या दोघांना २००१ आणि २००२ मध्ये शिक्षा झाली. आत गेलात तर रंगीत काचेची एक मोठी खिडकी बघा. ती ब्रिटनमधल्या वेल्सच्या सामान्य लोकांनी छोट्या छोट्या वर्गणीतून पाठवली आहे. हे चालू चर्च आहे, रविवारी प्रार्थना असते. पर्यटक म्हणून दुसऱ्या वारी जा.

शेजारी १९९२ मध्ये उघडलेली सिव्हिल राइट्स इन्स्टिट्यूट आहे. निदान दोन तास ठेवा, आणि वेळा आधी तपासून जा. मार्टिन ल्यूथर किंग यांना इथल्या ज्या तुरुंगात ठेवलं होतं त्या कोठडीचे गज इथे आहेत. एप्रिल १९६३ मधलं त्यांचं प्रसिद्ध पत्र त्याच तुरुंगातलं. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर त्यांनी ते लिहायला घेतलं. त्याआधी चार वर्षं, १९५९ मध्ये, ते भारतात आले होते, मुंबईच्या मणिभवनातही गेले होते.

मला पाहुण्यांना सांगायचं असतं ते इथेच. १९४६ पासून वर्षाला जेमतेम शंभर भारतीयांना अमेरिकेत स्थलांतराची मुभा होती. या आंदोलनानंतर १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा आला, १९६५ मध्ये मतदानाचा, आणि वंशावर माणसं मोजणं इथल्या कायद्याला अवघड झालं. त्याच १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये स्थलांतराचा नवा कायदा झाला, देशांवरून ठरवलेला तो जुना वाटा गेला, आणि आपल्या डॉक्टर-इंजिनिअरांना दार उघडलं. तुम्ही ज्या हूव्हरच्या घरात उतरलायत त्याचा पाया काही अंशी या बागेत आहे. “तो एरिया बरा नाही” म्हणणाऱ्या काकांना हे जेवताना जरूर सांगा. वाद होईल, होऊ द्या.

जेवणावरून आठवलं. शाकाहारी असाल तर इथे ‘व्हेजिटेबल प्लेट’ या नावावर भाळू नका. पालेभाजी, घेवडा, राजमा यांत डुकराच्या मांसाचा तुकडा चवीसाठी सर्रास टाकतात, मक्याच्या पावात कधीकधी चरबी असते. प्रत्येक पदार्थाबद्दल वेगळं विचारा. इथली माणसं गोड बोलतात आणि खरं सांगतात. कुरकुरीत तळलेली भेंडी आणि तळलेले हिरवे टोमॅटो मात्र चुकवू नका, फक्त तेल कसलं ते विचारून घ्या. ग्रिट्स मागवताना सराफ्यातला भुट्ट्याचा कीस डोळ्यांसमोर आणू नका. त्या सपक मक्याच्या कण्या असतात, मीठ-मिरी-लोणी आपणच घालायचं. स्वीट टी म्हणजे चहाचं थंड सरबत.

वेळ उरला तर मोटारसायकलवेड्यांनी बार्बर संग्रहालयात दिवस घालवावा, जगातला सर्वात मोठा असा संग्रह आहे. क्रिकेटवेड्यांनी रिकवुड फील्ड बघावं. १९१० चं हे बेसबॉलचं मैदान अमेरिकेतलं सर्वात जुनं व्यावसायिक मैदान. विली मेझ शाळकरी वयात इथे ब्लॅक बॅरन्सकडून खेळला.

अटलांटाहून गाडीने अडीच तास लागतात, आणि घड्याळ तासभर मागे येतं. गाडीशिवाय मात्र इथे पंगू व्हाल, बसचा भरवसा धरू नका. जुलै-ऑगस्ट दमट उकाड्याचे. वसंतात वादळाचे भोंगे वाजतात, तेव्हा खिडकी नसलेल्या तळमजल्याच्या खोलीत मुकाट्याने बसायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात छान. फक्त शनिवारी कॉलेज फुटबॉलपायी गाव ठप्प असतं. लोक ओळख होताच विचारतात, अलाबामा की ऑबर्न? उत्तर देण्याआधी यजमान कुठल्या बाजूचे आहेत ते विचारून ठेवा.