पाचवं चाक कुठलं?

ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकच्या पाठीवरच्या लोखंडी तबकडीला 'फिफ्थ व्हील' का म्हणतात? हे नाव घोडागाडीच्या काळातलं आहे!

चारचाकी घोडागाडीत पुढचा आस एका उभ्या खिळ्याभोवती, म्हणजे किंगबोल्टभोवती, फिरतो. नुसत्या खिळ्यावर भागवलं तर वळताना गाडी कलते आणि सगळा ताण त्या एकट्यावर येतो. म्हणून आस आणि वरचा सांगाडा यांच्यामध्ये एकमेकींवर घसरणाऱ्या दोन लोखंडी कड्या बसवत. चार चाकं उभी आणि ही कड्यांची जोडी आडवी पडलेली, म्हणून ती पाचवं चाक! भार कडीभर पसरतो. वंगण मात्र हवंच, नाहीतर कुरकुर सुरू.

खरी गोम पुढे आहे. किंगबोल्टसाठी लाकडी आसाला मधोमध भोक पाडलं, की जिथे ताण जास्त नेमका तिथेच तो कमकुवत होतो. यावर १९व्या शतकातल्या अमेरिकन कारागिरांनी काढलेली एक युक्ती मला फार आवडते: बोल्ट आसाच्या मागे सरकवायचा आणि आसाला भोक न पाडता लोखंडी पट्ट्यांनी आवळायचं.

आपल्या टांग्याला आणि बैलगाडीला ही कटकट नाही. चाकं दोनच, अख्खी गाडीच वळते. मुंबईच्या चारचाकी 'व्हिक्टोरिया' घोडागाडीचं मात्र पुढच्या आसाच्या या फिरकीवाचून अडलं असतं.