तारेने बांधलेले बोल्ट

लोकमान्यनगर. नागपूर मेट्रोची एक मार्गिका इथे संपते. सीताबर्डीला खच्चून भरलेला डबा इथवर येईतो अर्धा रिकामा झालेला असतो. दरवाजे उघडतात आणि गरम हवा आत शिरते. दुपारचे तीन वाजून गेलेत. नवतपा लागायला अजून आठवडा आहे, तरी जिन्याखालच्या रसवंतीवाल्याचा मोबाइल 45 अंश दाखवतो. उतरलेला प्रत्येक जण शेवटच्या पायरीच्या सावलीत थांबतो, दुपट्टा डोक्या-तोंडाला गुंडाळतो, मगच उन्हात पाय टाकतो.

ही मार्गिका 2020 च्या जानेवारीत सुरू झाली. आता ती पुढे हिंगण्यापर्यंत न्यायची आहे. त्यासाठी रस्ता मधोमध पत्र्यांनी अडवलाय. उरलेल्या पट्टीतून ट्रक, ऑटो, कंपन्यांच्या बस आणि मोटरसायकली एकमेकांना खेटून सरकतात. खालचं सिमेंट तापलंय, ते चपलेतून कळतं.

मुख्य रस्ता सोडून आत वळलं की एमआयडीसी. महामंडळ 1962 चं, आणि हिंगणा ही विदर्भातल्या त्याच्या जुन्या वसाहतींपैकी एक. कंपाउंडच्या लांबच लांब भिंती, त्यावरून लोंबणारी बोगनवेल, गेटपाशी पंखा लावून बसलेला वॉचमन. मोठ्या गेटांच्या मधल्या बोळांत खरी गंमत आहे. लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग, हार्डनिंग, पावडर कोटिंग. एकेका शेडमध्ये दोन-तीन मशिनं आणि दारात लोखंडी किसाचा ढीग. ट्रॅक्टरच्या कारखान्यासाठी सुटे भाग करता करता या बोळांचा हात तयार झालाय.

शिफ्ट सुटते. हेल्मेट कोपरात अडकवलेल्या माणसांची रांग बाहेर पडते. स्प्लेंडर, शाइन, एखादी जुनी आरएक्स 100. त्यातल्या काही गाड्या घरी जात नाहीत. त्या कोपऱ्यावरच्या कडुलिंबाखाली वळतात.

कडुलिंबाखाली गॅरेज आहे. पत्र्याचं छत, एक कूलर, तीन लाकडी फळ्यांचं बाकडं. बोर्डावर फक्त ‘सर्व प्रकारच्या टू-व्हीलर’ एवढंच. इथे शर्यतीच्या ट्रॅकसाठीही गाड्या तयार होतात, पण ट्रॅकचं नाव कुठे नाही. दारात रांग लागलीय. जेवण पोचवणाऱ्या पोराची क्लच-केबल तुटलीय, त्याच्या पाठीवरची चौकोनी बॅग अजून खाली उतरलेली नाही. एका कामगाराला चेनसेट बदलायचाय. एक बाई स्कूटरची डिकी उघडत नाही म्हणून उभ्या आहेत. वयाने पन्नाशीचा मिस्त्री मान वर न करता प्रत्येकाला वेळ सांगतो. "वीस मिनिटं." "सहा वाजता." "आज नाही होत भाऊ, उद्या आणजा."

आत, मागच्या भिंतीशी, जुन्या चादरीखाली काहीतरी आहे. चादरीचा कोपरा वर झालेला. नारिंगी चाक दिसतं.

ती आरसी 390. इंजिन 373 सीसीचं, गाडी चाकणची. 2014 साली हे मॉडेल आलं आणि ट्रॅकवर जाऊ पाहणाऱ्या मध्यमवर्गीय पोरांना परवडेल असं काहीतरी मिळालं. दोन्ही चाकं पॅडॉक स्टँडवर, जमिनीपासून चार बोटं वर. हेडलाइट नाही, आरसे नाहीत, इंडिकेटर नाहीत, साइड स्टँडही काढलेला. पडल्यावर जे फुटेल, ट्रॅकवर जे विखुरेल, ते सगळं आधीच उतरवलंय. अशी गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. ती ‘छोटा हत्ती’ टेम्पोत बसून इथे येते.

गाडीचा मालक बाकड्यावर बसलाय. वानाडोंगरीच्या होस्टेलवर राहणारा इंजिनीअरिंगचा पोरगा. सोबत एक मित्र, पहिल्यांदाच आलेला. दोघांना वाट पाहायची आहे. मिस्त्रीचा नियम आहे, ट्रॅकचं काम रस्त्याची गर्दी ओसरल्यावर. गर्दीत मोजमाप चुकतं.

मित्राने आपलीही गाडी आणलीय. सेकंडहँड, चकचकीत, सायलेन्सर बदललेला. त्याला मॅप टाकून हवाय, पॉवर वाढवून हवीय, आणि हे सगळं शनिवारच्या आत. मिस्त्री ऐकून घेतो. मग विचारतो, "तुझं वजन किती?"

"माझं?"

"गाडीचं मले माहीत आहे."

पोरगा सांगतो. मिस्त्री खाली बसतो आणि मागच्या टायरच्या कडेवरची धूळ अंगठ्याने पुसतो. चार आकडे उमटलेले असतात. 1419. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2019 सालचा चौदावा आठवडा. रबर कडेला बारीक तडकलंय.

"या टायरवर मी गाडी नाही बनवत."

"नक्षी तर आहे ना अजून."

"नक्षी आहे. रबर मेलं."

एवढंच. वाद घालत नाही, दुकान सुचवत नाही, ओळखीचा टायरवाला आहे असंही म्हणत नाही. पुन्हा क्लच-केबलकडे वळतो. मित्राचा चेहरा पडलाय. बाकड्यावरचा पोरगा हसतो, त्याला पहिल्या वेळी ब्रेकच्या पाइपावरून परत पाठवलं होतं म्हणे. मला वाटतं, ट्रॅकसाठी मिस्त्री शोधायला निघालेल्याने पैशांचा आकडा विचारण्याआधी एवढं बघावं, तो नाही कशाकशाला म्हणतो. हा क्रँक उघडत नाही. तसं काम आलं तर सरळ कोइमतूरला पाठवा म्हणतो, आणि ते कमीपणाचं वाटल्याची कसलीही खूण त्याच्या तोंडावर नसते.

साडेचार. ऊन तिरकं झालंय, कमी झालेलं नाही. मिस्त्री चार बोल्ट कपड्यात गुंडाळून हेल्परच्या हातात देतो. इंजिनचं ऑइल सोडायचा एक, फिल्टरच्या झाकणाचे दोन, ऑइल भरायच्या तोंडाचा एक. मी हेल्परच्या मागे चालतो. दोन बोळ ओलांडून लेथवाल्याची शेड.

आत अंधार आणि कटिंग ऑइलचा वास. टर्नर बुशांचा लॉट काढतोय, शेजारी मोजून रचलेले चकचकीत नग. बोल्ट पाहून तो ड्रिल मशीनपाशी येतो. सहा कोनी डोक्याच्या कडेतून आरपार बारीक भोक पाडायचं. बोल्ट कडक, बिट दीड मिलिमीटरचा, जरा जोर दिला की तुटतो. तो बोल्ट वाइसमध्ये धरतो, सेंटर पंचने खूण करतो, ऑइलचा थेंब टाकतो. बिट हळूहळू आत जातो. चौथ्या बोल्टला कट्ट आवाज येतो. टर्नर चिडत नाही, दुसरा बिट लावतो.

"हे भोक कायले लागते?" तो विचारतो.

"तार ओवतो आम्ही."

"अन् मग?"

"मग तो सुटत नाही."

टर्नर बोल्ट उजेडात धरून भोकातून बघतो. पटल्यासारखी मान हलवतो आणि बुशांकडे जातो.

परत आलो तेव्हा गॅरेजमध्ये चादर निघालेली असते. मिस्त्रीने हात साबणाने धुतलेत, कपडा बदललाय. रेडिएटरमधलं हिरवं कुलंट एका डब्यात उतरतंय. त्याच्या जागी साधं डिस्टिल्ड पाणी जाईल. कुलंटमधलं ग्लायकॉल सांडलं तर वाळत नाही, मागून येणाऱ्याचं चाक त्यावरून घसरतं. पाणी उडून जातं. मग ब्रेक. जुनं ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचं झालंय. नवं डॉट 4 निदान 230 अंशापर्यंत उकळत नाही. पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पुरेसं पाणी शिरलं की उकळण्याची पातळी 155 पर्यंत उतरू शकते. शहरात कळत नाही. सरळ पट्टीवर दीडशेच्या पुढे गेलेली गाडी वळणाआधी दाबून आणायची, आणि तेच दर फेरीला, तेव्हा कळतं. लिव्हर मऊ पडतो, हँडलपर्यंत येतो. मिस्त्री नवा डबा सर्वांसमोर फोडतो. उरलेलं ऑइल ट्रॅकच्या गाडीत पुन्हा वापरत नाही, ते टाकून देतो.

बोल्ट जागेवर बसतात. टॉर्क रेंच टक् करून आवाज देतो. प्रत्येक टकनंतर तो पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढतो, अर्धी बोल्टवर, अर्धी इंजिनवर. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल. मग तार. स्टीलची, बोल्टच्या भोकातून ओवून, पकडीने पीळ देऊन, घट्ट होण्याच्या दिशेने ओढून दुसऱ्या टोकाला बांधलेली. एक पीळ सैल वाटतो. कापून टाकतो. पुन्हा.

सहा वाजतात, आणि खरा तमाशा सुरू होतो. पोराला सूट घालायचाय. पुरा लेदरचा, एकसंध, खांद्या-गुडघ्याला कडक कवचं, वर बूट, ग्लोव्ह्ज, हेल्मेट. सस्पेन्शन त्याच्या वजनावर लावायचं तर वजन ट्रॅकवर असेल तेवढंच हवं. बाहेर अजून चाळीसच्या वर आहे. दोघं मिळून चेन ओढतात. कूलरचं तोंड त्याच्याकडे वळतं. बोळातली माणसं थांबायला लागतात. जेवणवाला पोरगा केबल लावून कधीच निघून गेला असता, पण तो बाकड्यावर ठाण मांडून बसलाय. एक म्हातारे काका विचारतात, "सिनेमाचं शूटिंग आहे का बाप्पा?"

आधी मागचं चाक अधांतरी ठेवून चाकाच्या आसापासून शेपटीपर्यंतचं अंतर टेपने घेतलेलं आहे. आता गाडी जमिनीवर, पोरगा वर, हात हँडलवर, छाती टाकीवर. हेल्पर पुढून तोल धरतो. मिस्त्री मागे उकिडवा बसून टेप लावतो. दोन आकड्यांतला फरक म्हणजे स्प्रिंग किती दबली. ट्रॅकला साधारण 30 ते 35 मिलिमीटर चालतं. इथे 41 येतात. पोरगा उतरतो. हेल्मेटमधून घाम गळतोय. मिस्त्री पान्याने स्प्रिंगची रिंग फिरवतो. पोरगा पुन्हा चढतो. 37. पुन्हा उतरतो. पुन्हा चढतो. 34. मिस्त्री उठतो, दोनशे पानी वहीत लिहितो. प्रत्येक गाडीला एक पान. वजन, टायरची हवा, चेनचा ढील, तारीख. मागच्या ट्रॅकहून आल्यावर पोराने काय सांगितलं तेही, त्याच्याच शब्दांत. ‘तिसऱ्या वळणाले मागून हालते.’

सूट उतरतो. पोरगा माठातलं पाणी डोक्यावर ओततो.

गाडी परवा रेल्वेच्या पार्सलने चेन्नईला जाणार आहे. टाकीतला पेट्रोलचा थेंबन्‌थेंब काढावा लागेल. श्रीपेरुंबुदूरजवळचा ट्रॅक 3.7 किलोमीटरचा आहे. ग्रेटर नोएडाचा 5.1, जिथे 2023 च्या सप्टेंबरात भारतातली पहिली मोटोजीपी झाली. कोइमतूरचा लहान, 2.1. नागपुरात झिरो माइलचा दगड आहे, त्याचा इथल्या माणसाला अभिमान आहे, पण या पोरांसाठी त्याचा अर्थ चेन्नई आणि दिल्ली दोन्ही हजार-अकराशे किलोमीटर लांब, एवढाच. मिस्त्रीने यातला एकही ट्रॅक पाहिलेला नाही. त्याने घट्ट केलेला बोल्ट जिथे कसाला लागतो तिथे तो नसतो.

हिशोब कागदावर होतो. प्रत्येक वस्तूचं नाव आणि किंमत, खाली मजुरी. सोबत एक प्लास्टिकची थैली. त्यात जुने ब्रेक पॅड, काढलेले बोल्ट, ऑइल सील, बदललेले वॉशर. मागितली नसतानाही दिलेली. मित्र थैली उघडून पॅड हातात घेतो, नखाने जाडी बघतो. मग हळूच विचारतो, "टायर बदलून आणला तर?"

"तर पाहू. पयले ब्रेक खोलू."

मालक पैसे देतो. मिस्त्री त्याला गाडीपाशी खाली बसवतो, बोट धरून रेघा दाखवतो. "पहिल्या सेशननंतर या तारेले हात लावून पाहजो. ही रेघ पाहजो. चेन पाहजो. गाडी थंड झाल्यावर. मले फोन करजो, पण पाहून मग करजो."

"तुम्हीच चला ना सोबत."

"अन् हे कोन पाहीन?"

दारात दोन्ही बाजूंना कॅन टांगलेली मोटरसायकल उभी आहे. दूधवाला संध्याकाळच्या फेरीला निघालेला, गिअर पडत नाही म्हणून अडकलेला. "भाऊ, माही गाडी?" तो विचारतो. मिस्त्री टॉर्क रेंच पुसून पेटीत ठेवतो आणि दूधवाल्याची क्लच-केबल ओढून बघतो.