चोरीत पहिला, शब्द पाळण्यात काठावर पास

डिस्नेच्या १९९२ च्या 'अलादीन'मध्ये नायक आपल्याला पहिल्यांदा दिसतो तोच चोरलेला पाव घेऊन पळताना. मागे तलवारी उपसलेले शिपाई, पुढे आग्राबाची छपरं! अख्खं गाणंभर तो त्यांना गुंगारा देतो. आता निवांत बसून घास घेणार, इतक्यात कचरा उपसणारी दोन भुकेली पोरं समोर येतात आणि पाव त्यांच्या हातात जातो. अबू माकडालाही मग तोंड वाकडं करत आपला वाटा सोडावा लागतो. पाठोपाठ एक उर्मट राजपुत्र त्याच पोरांवर चाबूक उगारतो, तेव्हा मध्ये पडतो तोही अलादीनच. सिनेमा नीट सुरूही झालेला नसतो आणि चोर आपलासा झालेला असतो.

हातापेक्षा त्याची जीभ चलाख. जादूचा दिवा शोधताना तो गुहेत अडकतो, तेव्हा दिव्यातला जिनी तीन इच्छा देऊ करतो. अलादीन मागत काहीच नाही; आम्हाला इथून बाहेर काढणं तुला कुठलं जमायला, असं म्हणून त्याला फक्त डिवचतो. जिनी इरेला पेटतो, सगळ्यांना गालिच्यावर बसवतो आणि सुसाट बाहेर! मग लक्षात येतं, पठ्ठ्याने इच्छा अशी व्यक्तच केलेली नाही. तीनच्या तीन शिल्लक. डिवचण्याची ही युक्ती ध्यानात ठेवा, पुढे तीच राज्य वाचवते.

त्याचा खरा दोष पावाच्या चोरीत नाही. पहिल्या इच्छेने राजपुत्र बनून तो राजकन्या जास्मिनसमोर येतो. बाजारात भेटलेला मुलगा तूच ना, असं ती ओळखते, तरी हा नवी थाप मारून मोकळा होतो. आणि त्याहून मोठी चूक जिनीच्या बाबतीत. तिसरी इच्छा तुझ्या सुटकेसाठी वापरीन, असा शब्द त्याने दिलेला असतो. समुद्रात बुडताना याच जिनीने त्याचा जीव वाचवलेला असतो. दुसरी इच्छा त्यातच खर्ची पडलेली. पण पुढचा सुलतान तूच, असं जास्मिनचे वडील जाहीर करतात आणि पोराचे पाय लटपटतात. जिनी गेला तर आपलं बिंग फुटेल, या भीतीने तो शब्द फिरवतो. पाव त्याने भुकेपोटी चोरला होता, शब्द मोडला तो हाती आलेलं वैभव सुटू नये म्हणून. पहिली गोष्ट मी डोळे झाकून माफ करते, दुसरी मात्र मला आजही टोचते. लगेचच इयागो पोपट दिवा पळवतो आणि त्याचा मालक, कपटी वजीर जाफर, सिंहासनावर बसतो.

मूळ गोष्टीत ही टोचणीच नाही! हन्ना दियाब या अलेप्पोच्या तरुणाने ती १७०९ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच अनुवादक आंत्वान गालाँ यांना सांगितली आणि १७१२ मध्ये ती छापली गेली. तिथला अलादीन चीनमधल्या शिंप्याचा उनाड मुलगा. इच्छांना मर्यादा नाही, दिव्यातल्या सेवकाला सोडवायचा प्रश्नच नाही. उलट त्याच्याकडे दोन जिन, एक दिव्यातला आणि एक अंगठीतला.

तीन इच्छांचं गणित १९४० च्या 'द थीफ ऑफ बगदाद'मध्ये सापडतं. जाफर आणि अबू ही नावंही तिथलीच. त्यातला अबू हा माकड नसून पोरसवदा चोर होता आणि ती भूमिका केली होती म्हैसूर संस्थानातल्या एका माहुताच्या मुलाने, साबूने.

चेहऱ्याचीही गंमत आहे. आधी अलादीन मायकेल जे. फॉक्सच्या धर्तीवर बेतला होता. जास्मिनसमोर तो फारच पोरगेला दिसायला लागला, तेव्हा त्यात टॉम क्रूझचा आत्मविश्वास मिसळला गेला. ढगळ विजारीची हालचाल एमसी हॅमरच्या नाचावरून. बोलतो स्कॉट वाइंगर, गातो ब्रॅड केन.

एक व्यक्ती मात्र कायमची वगळली गेली: त्याची आई. गीतकार हॉवर्ड ॲशमन यांनी आईला उद्देशून त्याचं एक गाणं लिहिलं होतं. तुला माझा अभिमान वाटेल असं काहीतरी करीन, या अर्थाचं. ॲशमन १९९१ मध्ये गेले, पुढे कथा बदलली आणि आई व गाणं दोन्ही गळाली. ते गाणं २०१४ च्या ब्रॉडवे नाटकात परत आलं, याचा मला फार आनंद आहे. चोरी करणाऱ्या मुलाची लाज आणि उमेद त्यात एकत्र आहे.

दोष सिनेमाच्या पदरीही होता. सुरुवातीच्या गाण्यातल्या एका ओळीत अरबांचं रानटी चित्र होतं. अरब-अमेरिकन लोकांनी आक्षेप घेतल्यावर १९९३ च्या व्हिडिओ आवृत्तीत ती बदलली.

शेवटी तीच गुहेतली युक्ती. जाफर महाबलाढ्य जादूगार झालेला असतो आणि अलादीनजवळ ना दिवा, ना सैन्य. तो एवढंच म्हणतो, की जिनी तुझ्यापेक्षा ताकदवान आहे. हव्यासापोटी जाफर स्वतःच जिन होण्याची इच्छा करतो आणि दिव्यात कोंडला जातो. जिनला दिवा चुकत नाही, हे पोराने हेरलेलं असतं. मग पुन्हा राजपुत्र व्हायची संधी समोर असताना अलादीन तिसरी इच्छा जिनीच्या सुटकेवर खर्च करतो. उशिरा का होईना, शब्द पुरा केला. पुढच्या वेळी मुलांबरोबर हा सिनेमा लावलात, तर गाण्यांवरून थेट जाफरपाशी उडी मारू नका. शब्द फिरवतानाचा अलादीनचा पडलेला चेहरा नीट बघा. अलादीन रेखाटणारे ॲनिमेटर ग्लेन कीन आणि त्यांच्या चमूची खरी कमाल तिथे आहे.