चाळीस तारांचे चाक

मराठी शिकवणाऱ्या माणसाने सायकलच्या चाकावर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण गेल्या वर्षी कासुर्डीला एका सायकलवाल्याने माझी भाषेची चूक दुरुस्त केली, आणि तिच्याबरोबर एक चाकही.

कासुर्डी हे दौंड तालुक्यातले, पुणे-सोलापूर रस्त्यावरचे गाव. उरुळी कांचन मागे पडले की यवतच्या अलीकडे लागते. तिथे माझी बहीण दिली आहे. भाचा पहाटे घरची काळी अठ्ठावीस इंची सायकल काढतो, मागे दुधाचे कॅन अडकवतो, दूध घालून येतो आणि त्याच सायकलवरून शाळेला जातो. एके दिवशी मागचे चाक एकाएकी डगमगले आणि सायकल भर रस्त्याकडे झुकली. मागून ट्रक येत होता. ड्रायव्हरने वेळीच गाडी वळवली म्हणून गुडघ्यावर निभावले. चाकाच्या तीन तारा तुटल्या होत्या.

“दादा, आता सायकल नकोच!” बहीण म्हणाली. पण सायकल नाही तर दूध कसे जाणार, आणि शाळेचे काय?

“मामा, जाड तारा घालू या,” भाचा म्हणाला. मलाही ते पटले. पुढच्या खेपेला मी पुण्याहून चांगल्या जाडजूड तारांची जुडी घेऊन गेलो.

रस्त्याकडेच्या दुकानातल्या वृद्ध कारागिराने जुडी हातात घेऊन विचारले, “सर, या कशाला?”

“आरे जाड असले म्हणजे भार सोसतील.”

“आरे बैलगाडीला, सर. सायकलला तारा.”

मी गप्पच झालो! बैलगाडीचा भार खालच्या आऱ्यांवर उभा राहतो. लाकूड दाब सोसते. सायकलची तार उभी राहून काय सोसणार? ती हब आणि रिम यांच्यामध्ये ताणून बसवलेली असते. चाक फिरताना खाली आलेल्या तारेचा ताण थोडा उतरतो, वर जाताना पुन्हा चढतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात हे घडते. तार मुळातच सैल असेल तर ती हिसके खाते, आणि बहुधा हबजवळच्या बाकात थकून तुटते. ताणाच्या चाकाची कल्पना इंग्लंडात जॉर्ज केलीने १८०८ मध्ये मांडली. १८७० मध्ये जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी ती सायकलला लावली, आणि तारा एकमेकींवरून तिरप्या नेण्याची रीत स्टार्लीने १८७४ मध्ये काढली.

तेव्हा तार निवडताना पाहायचे काय? पहिली गोष्ट नंबर. साध्या सायकलला बहुतेक १४ नंबरची, म्हणजे सुमारे २ मिलिमीटर जाडीची तार असते. नंबर वाढतो तशी तार बारीक होते. माझ्या तारा १३ नंबरच्या होत्या. त्या या हबच्या भोकात शिरेनात. ओझ्याच्या सायकलला हा नंबर चालतो, पण मग हब आणि निपलही त्याच मापाचे हवेत. भोके कोरून मोठी केली तर हबची कडच दुबळी होते.

दुसरी गोष्ट लांबी. ती बाकाच्या आतल्या कडेपासून आट्यांच्या टोकापर्यंत मोजायची. तार आखूड पडली तर निपलला पुरेसे आटे मिळत नाहीत. लांब झाली तर टोक रिमच्या आत वर येऊन ट्यूबला टोचते. म्हणून जुन्या चाकातली एक धड तार काढून तिच्याशी ताडून पाहावे. मात्र हब किंवा रिम बदलली असेल, तर जुने माप धरू नये.

“आणि तीनच नाही, सगळ्या बदला,” कारागीर म्हणाला. मागच्या चाकाला ४० तारा, पुढच्या चाकाला ३२. मागच्या ४० पैकी तीन तुटल्या. उरलेल्या ३७ तारांनी तेवढेच फेरे सोसले होते.

त्याने १४ नंबरच्या तारांनी चाक नव्याने बांधले, आऊट काढला आणि एकेक तार नखाने छेडली. फ्रीव्हीलच्या बाजूच्या तारा अधिक ताठ, म्हणून त्यांचा सूर चढा. पण एका बाजूच्या सगळ्यांचा सूर जवळजवळ एकच हवा. तुकोबारायांची पालखी याच रस्त्याने यवतच्या मुक्कामाला जाते. वीणा लावणाऱ्या वारकऱ्याची मला आठवण झाली.

“आठ दिवसांनी पुन्हा आणा,” तो म्हणाला. “नव्या तारा बसतात, थोड्या ढिल्या होतात.”

भाऊबीजेला कासुर्डीला गेलो, तेव्हा भाचा अंगणात सायकल उलटी करून तारा छेडीत बसला होता.

“मामा, ऐका. एकही बेसूर नाही!”

बहीण ओवाळणीचे ताट घेऊन दारात उभी होती. “रोज निघण्याआधी हेच चाललेले असते,” ती म्हणाली, “आणि ऐकल्याशिवाय मीही त्याला सोडत नाही.”

जाड तारांची ती जुडी अजून माझ्या कपाटात आहे.